केलं, पण शांत वाटलं नाही

माझी खोली जिमखान्याच्या मागे आहे. पूर्वी तिथे क्रिकेटचं सामान ठेवायचे; अजूनही पावसाळ्यात कपाट उघडलं की पॅडचा कुबट वास येतो. भिंतीपलीकडे टेबल टेनिसचं टेबल. सकाळी साडेदहाला चेंडूची टकटक सुरू होते ती संध्याकाळपर्यंत थांबत नाही. रुजू झाले तेव्हा समुपदेशनाला शांत जागा मिळावी म्हणून मी अर्ज केला होता. बारा वर्षं झाली, अर्ज विचाराधीन आहे. आता दिली तरी मी जाणार नाही. का, ते पुढे येईल.

पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी समुपदेशक आहे. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं-मुली बाहेरगावची. कोणी हॉस्टेलवर, कोणी कॉट बेसिसवर, एका खोलीत चौघं. मी त्यांना भान ठेवण्याचे, म्हणजे ‘माइंडफुलनेस’चे, दोन-तीन छोटे सराव शिकवते आणि पुढच्या आठवड्यात त्यातली निम्मी तरी एकच तक्रार घेऊन परत येतात: “मॅडम, तुम्ही सांगितलं तसं केलं, पण शांत वाटलं नाही.”

म्हणून आधीच सांगते. खाली जे लिहिलंय ते शांत वाटावं म्हणून करायचंच नाही. छातीत धडधडत असताना प्रॅक्टिकलचं जर्नल पूर्ण करता यावं, घरी फोन लावता यावा, पेपरला अडीच तास जागेवर बसता यावं, यासाठी करायचं. शांत वाटलं तर रविवारची फीस्ट समजा. रोजच्या जेवणात ती धरायची नसते.

हे मलाही उशिराच कळलं. एम.ए.ला असताना मी इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांच्या शिबिराला गेले होते. पहाटे चारची घंटा, पूर्ण मौन, पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा, चौथ्या दिवसापासून विपश्यना आणि मग तास तासभर न हलता बसणं. माझा डावा गुडघा त्या दहा दिवसांत मला जितका कळला तितका आधी किंवा नंतर कधीच कळला नाही. माझ्या मनातला हिशेब असा, की दहा दिवस भोगायचे आणि शांत होऊन घरी जायचं. घरी गेले आणि तिसऱ्या दिवशी कुकरच्या शिट्ट्या कोणी मोजायच्या यावरून आईशी कडाक्याचं भांडण झालं. पुढे व्हायवाला हात एवढे थरथरत होते की माझ्याच प्रबंधाचं पान मला उलटेना. मी ठरवून टाकलं, आपल्याला काही हे जमलेलं नाही. हिशेबच चुकीचा होता, हे कळायला आणखी चार वर्षं गेली.

१९७९ साली अमेरिकेत वूस्टर इथल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी एक वर्ग सुरू केला; पुढे तो आठ आठवड्यांचा झाला. आज ‘माइंडफुलनेस’ या नावाने जे काही विकलं जातं त्याचं बरंचसं मूळ तिथे आहे. त्यांच्याकडे येणाऱ्यांत जुनाट दुखण्याचे रुग्ण पुष्कळ होते, औषधांनी जेवढं व्हायचं तेवढं होऊन गेलेले. तुमचं दुखणं घालवतो, असं त्यांना कोणी सांगितलं नाही. दुखत असताना त्या दुखण्याकडे कसं बघायचं आणि उरलेला दिवस कसा जगायचा, ते शिकवलं. मूळ शब्द आपल्याकडचाच, पालीतला ‘सति’: लक्ष असणं, भान असणं. मी ‘भान’ म्हणते. ‘सजगता’ हा शब्द बरोबर आहे, पण तो ऐकला की मुलांना रस्ता सुरक्षा सप्ताह आठवतो.

‘लोड घेऊ नको’

पुण्याच्या हॉस्टेलमधला सगळ्यात स्वस्त सल्ला. देणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं, पण तो पाळता येत नाही. १९८७ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि केलाच तर घंटी वाजवा. घंटी सरासरी मिनिटाला एकदा तरी वाजत राहिली. गंमत त्यापुढे आहे: नंतर याच मुलांना अस्वलाचा विचार करायची मोकळीक दिली, तेव्हा ज्यांना आधी दाबायला सांगितलं नव्हतं त्यांच्यापेक्षाही यांच्या डोक्यात अस्वल जास्त आलं.

माझ्या खोलीत अस्वलाऐवजी एम-थ्री असते. दुसऱ्या वर्षाचं गणित. तिचं नाव काढलं की कोपऱ्यातला एखादा चेहरा पडतोच. पाच मिनिटं एम-थ्रीचा विचार करू नका म्हटलं की पहिल्या दहा सेकंदांतच खसखस पिकते.

विचार ढकलण्यात जो जोर जातो तो वाचवायचा, यालाच माइंडफुलनेसचा आधार घेणाऱ्या उपचारपद्धतींत ‘स्वीकार’ म्हणतात. या शब्दाने आपल्याकडे फार घोटाळा केला आहे. स्वीकार म्हटलं की लोकांना ‘पदरी पडलं, पवित्र झालं’ आठवतं. तसं नाही. घामाचा, धडधडीचा, ‘आपण कुणालाच नको आहोत’ या विचाराचा स्वीकार करायचा, कारण ते आत आलेलंच आहे. घरमालकाने डिपॉझिट बुडवलं तर ते स्वीकारायचं नाही, भांडायचं. रॅगिंग होत असेल तर १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करायचा आणि लेखी तक्रार द्यायची. भांडताना पाय लटपटतील. स्वीकारायचं असेल तर ते लटपटणं.

तळव्यांपासून सुरुवात

सगळे श्वासापासून सुरू करतात, मी करत नाही. ज्यांना घाबरल्यावर श्वास अडकल्यासारखा वाटतो त्यांना ‘श्वासाकडे बघ’ म्हटलं की ती आणखीच घाबरतात. हे मी एका मुलीला रडवून शिकले.

खुर्चीवर, कॉटच्या कडेला, पीएमपीच्या स्टॉपवर, कुठेही बसा. डोळे उघडे राहू द्या, नजर समोरच्या फरशीवर. चपला काढता आल्या तर काढा. दोन्ही तळवे जमिनीला नेमके कुठे टेकलेत ते बघा: टाच, चवडा, करंगळीची कड. फरशी गार आहे का? एक पाय जास्त जड वाटतो का? उत्तर मनात शब्दांत मांडायची गरज नाही, नुसतं जाणवू द्या. दहा सेकंदांत मन उठून सबमिशनकडे जाईल, किंवा कोणी मेसेज बघून उत्तर दिलं नाही तिकडे. गेलं हे कळलं की म्हणा, ‘गेलं’. आणि परत टाचेवर या. तीन मिनिटांत तीस वेळा गेलं, तर तीस वेळा परत या.

“माझं मन टिकतच नाही, म्हणजे मला जमत नाही,” असं मुलं म्हणतात. अरे, परत येणं हाच तर व्यायाम आहे. दंड काढताना छाती खाली गेली की ‘मी पडलो’ म्हणतोस का?

तळवे नको वाटले तर आवाज घ्या. माझी खोली मला सोडायची नाही ती त्यासाठीच. टक, टक, मग चेंडू खाली पडून लांब जातो, कोणीतरी शिवी हासडतं, पुन्हा टक. मुलं आधी वैतागतात. दोन-तीन आठवड्यांनी त्यांच्या लक्षात येतं की चेंडूची टकटक त्रास देत नव्हती, ‘हे बंद का होत नाही’ हे डोक्यात चाललेलं देत होतं. शांत खोलीत शिकलेला सराव हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर गणपतीच्या ढोल-ताशाच्या तालमीत उपयोगी पडत नाही. इथे शिकलेला थोडाफार पडतो.

आठवडाभर एवढंच करा. दिवसातून दोनदा, तीन मिनिटं, रोज ठरलेल्या जागी. कबात-झिन यांच्या आठ आठवड्यांच्या वर्गात आठवड्याला अडीच तासांचं सत्र आणि घरी रोज पाऊण तासाच्या आसपास सराव असतो. तो उत्तमच आहे, पण प्रॅक्टिकलच्या आठवड्यात पाऊण तास कोण देणार? ज्यांना हवा असेल त्यांनी सुट्टीत करावा.

दुसऱ्या आठवड्यात हीच तीन मिनिटं तीन भागांत करा. झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल यांनी नैराश्य पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या लोकांसाठी जी पद्धत बसवली, तिच्यात हा तुकडा आहे आणि विद्यार्थ्यांना तो फार सोयीचा पडतो. पहिलं मिनिट नुसती विचारपूस: डोक्यात काय चाललंय, मनाला कसं वाटतंय, अंग कुठे आखडलंय. दुसरं मिनिट लक्ष एकाच जागी, तळवे किंवा श्वास. तिसऱ्या मिनिटाला लक्ष पसरू द्यायचं, सगळं अंग, बसलेली खुर्ची, खोली. मग उठायचं आणि पुढचं काम करायचं. पहिल्या मिनिटात ‘घाबरलोय’ असं उत्तर आलं आणि तिसऱ्यातही तेच आलं, तरी सराव झाला.

जेवणाचा सराव मी एका घासापुरता ठेवते. जगभर हा सराव मनुक्यावर शिकवतात: एक मनुका हातात घ्यायचा, निरखायचा, हुंगायचा, सावकाश चावायचा. मी एका वर्षी तासगावचा बेदाणा पाव किलो आणला, वाटला, आणि ‘आता याच्याकडे बघा’ म्हणेपर्यंत सगळ्यांनी तो खाऊन टाकला होता. तेव्हापासून मेसमधल्या पोळीचा पहिला घास. फोन उलटा ठेवून एक घास नीट खायचा, पुढचं ताट कसंही खा.

रात्री झोप येत नसेल तर पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत एकेका अवयवावर लक्ष नेत जा, दहा मिनिटं. मध्येच झोप लागली तर अपराधी वाटून घेऊ नका.

विचारांशी वाद घालणारे हुशार

महाराष्ट्रात मानसशास्त्राच्या पुस्तकांची आवड असलेल्या घरात विवेकनिष्ठ मानसोपचार हा शब्द ओळखीचा असतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची ही पद्धत आपल्याकडे रुजली त्यात किशोर फडके यांचा मोठा वाटा आहे. माझं पहिलं प्रशिक्षण त्याच वळणाचं, आणि मी ते टाकलेलं नाही. ‘मी नापास झालो तर मी नालायक’ या विचाराला ‘कशावरून?’ असं विचारणं पुष्कळदा पुरतं.

पण अभियांत्रिकीची मुलं वादात पटाईत असतात. रात्री दोन वाजता ती स्वतःशीच खटला चालवतात, दोन्ही बाजूंचे वकील तीच, न्यायाधीशही तीच, आणि पहाटे निकाल विरुद्ध जातो. अशांसाठी मला ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी उपयोगी वाटते. तिला ‘ॲक्ट’ असं एका शब्दात म्हणतात, अक्षरं सुटी करत नाहीत. नेवाडा विद्यापीठातले स्टीव्हन हेज हे तिचे प्रमुख जनक; तिच्यावरचं मूळ पुस्तक १९९९ मध्ये आलं. विचार खरा की खोटा, या भानगडीत ती फारशी पडत नाही. ती विचारते: या विचाराचं ऐकून चाललास तर कुठे पोचतोस?

करायचं असं. छळणारं वाक्य कागदावर लिहा, होईल तेवढं छोटं. ‘मी घरच्यांचे पैसे वाया घालवतोय.’ आता त्याच्यापुढे जोडा: ‘असा विचार माझ्या मनात येतोय.’ पूर्ण वाक्य दोनदा मोठ्याने वाचा. मग आणखी एक पायरी: ‘असा विचार माझ्या मनात येतोय हे माझ्या लक्षात आलंय.’ वाक्य लांबतं, थोडं हास्यास्पद होतं, आणि तुमच्यात नि त्याच्यात वीतभर जागा तयार होते. खोलीतून ते बाहेर जात नाही, फक्त छातीवरून उठून शेजारच्या कॉटवर बसतं.

एकाच शब्दाचा दरारा असेल तर दुसरी युक्ती आहे. तो शब्द भराभर, मोठ्याने, तीस सेकंद म्हणत राहायचा. कॉर्नेल विद्यापीठातल्या एडवर्ड टिचनर यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की असं केलं की शब्दाचा अर्थ गळतो आणि नुसता आवाज उरतो. ॲक्टवाले यासाठी ‘दूध’ या अर्थाचा इंग्रजी शब्द वापरतात. आमच्याकडे ‘बॅक’. एखादा विषय राहिला की त्याला बॅक लागली म्हणतात. बारा मुलं एका सुरात ‘बॅक बॅक बॅक बॅक’ म्हणू लागली की विसाव्या सेकंदाला खोलीत बदकं शिरल्यासारखं होतं. एकदा पलीकडचे टेबल टेनिसवाले खेळ थांबवून बघायला आले. विषय राहिलेलाच असतो, त्याचा अभ्यासही करायचाच असतो, पण शब्दाचा दात तेवढा हलतो. मात्र ताज्या दुःखाशी निगडित शब्दावर हे करू नका. कोणी गेलं असेल तर त्या माणसाच्या नावावर तर मुळीच नाही.

पाटी कुठली लावायची

ॲक्टमध्ये एक बसची उपमा सगळे वापरतात. मी ती एसटीची करून घेतली आहे. तुम्ही चालक. मागच्या सीटवर बसलेले प्रवासी, म्हणजे तुमचे विचार आणि भीती, ओरडतायत: “वळव गाडी, पुढे घाट आहे, तुला जमणार नाही!” त्यांना उतरवायला गाडी थांबवली तर तुम्ही मागे भांडत बसता आणि गाडी फाट्यावर उभी राहते. ते म्हणतील तशी वळवली तर ते गप्प बसतात, पण तुम्ही कुठल्या गावाला निघाला होतात? गाडीच्या कपाळावर पाटी असते. ओरडा चालू असताना पाटीवरच्या गावाकडे गाडी चालवत राहायची.

पाटीवर काय लिहायचं, यासाठी पुस्तकांत ‘मूल्यं’ हा शब्द आहे. मी तो वापरत नाही. आमच्या पिढीला आणि पुढच्याही, मूल्य म्हटलं की शाळेतला परिपाठ आणि मूल्यशिक्षणाचा तास आठवतो, आणि लगेच ‘वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा’ अशी यादी सुरू होते. मी साधं विचारते: पाच वर्षांनी तुझ्या रूमीने, म्हणजे रूममेटने, तुझ्याबद्दल काय सांगावं असं तुला वाटतं? ‘बारा लाखांचं पॅकेज’ हे उत्तर इथे चालत नाही, तो मुक्काम झाला. मिळेल किंवा नाही मिळणार. ‘अडकलेल्याला समजावून सांगायचा’ हे चालतं, कारण ते आज दुपारीही करता येतं.

मराठवाड्यातला एक मुलगा होता. त्याचे तपशील मी बदललेत, आणि त्याच्यासारखे तीन-चार जण यात मिसळलेत. एम-थ्री दोनदा राहिलेली. दोन्ही वेळा पेपर हातात आला, कानात गरम वाटू लागलं, आणि बाहेर सोडायला सुरुवात झाल्याबरोबर तो उठून निघून आला. घरी सांगितलेलं नाही. आईचा फोन आला की कट करून ‘लेक्चरमध्ये आहे’ असा मेसेज टाकायचा, रात्री साडेनऊलासुद्धा. वडिलांनी त्याच्या प्रवेशासाठी कर्ज काढलेलं होतं. रूमीने काय सांगावं, यावर तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “की हा खोटं बोलत नव्हता.”

मग पहिलं काम एम-थ्री नव्हतंच. रविवारी सकाळी दहा वाजता घरी फोन. आम्ही कागदावर तीनच ओळी लिहिल्या: काय सांगायचं, फोन करताना अंगात काय काय होईल, आणि ते होत असताना पाय कुठे ठेवायचे. पाऊल एवढंच छोटं हवं. वार, वेळ, जागा आणि पंधरा मिनिटांत संपेल असं काम. ‘आता मन लावून अभ्यास करणार’ हे पाऊल होत नाही. ‘उद्या आठला अभ्यासिकेत, युनिट तीनची दोन गणितं’ हे होतं.

फोन झाला. वडील काही बोललेच नाहीत, आई रडली, मग वडिलांनी विचारलं, “जेवतोस का नीट?” तो सांगत होता तेव्हा त्याचे हात माझ्या टेबलावर थरथरत होते. मला माझा व्हायवा आठवला.

पेपरच्या दिवसाची तयारी आम्ही पुढचे सहा आठवडे केली, गणिताचीही आणि बाकीचीही. तुमच्यासाठी ती इथे देते. आदल्या रात्री नवीन सराव सुरू करू नका. सकाळी वर्गाबाहेर ‘तुझं झालं का हे?’ विचारणाऱ्यांच्या घोळक्यापासून दहा पावलं लांब उभे राहा. बाकावर बसल्यावर चपलेतून टाच मोकळी करा. पेपर हातात आला की पहिला अर्धा मिनिट लिहू नका, वाचूही नका. तळवे, मग बाकाचा कोपरा, मग पेपर. धडधड सुरू झाली तर मनातल्या मनात तिला जागा द्या: ‘बस इथे, मला लिहायचंय.’ येणाऱ्यातला सगळ्यात सोपा प्रश्न आधी. उठून जावंसं वाटलं तर पाच मिनिटं पुढे ढकला, घड्याळ बघून. पाच मिनिटांनी पुन्हा वाटलं तर पुन्हा पाच.

पेपर झाल्यावर तो थेट माझ्याकडे आला. शर्ट पाठीला चिकटलेला. म्हणाला, “मॅडम, शांत वगैरे काही वाटलं नाही. पण बसलो. घंटा होईपर्यंत.”

हे कोणी करू नये, आणि कधी थांबावं

या विषयावर अभ्यास बरेच झालेत, पण अतिउत्साही मथळेही फार. दोन अभ्यास मला महत्त्वाचे वाटतात. केंब्रिज विद्यापीठात ६१६ विद्यार्थ्यांवर झालेली चाचणी २०१७च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. ज्यांना नेहमीच्या मदतीबरोबर आठ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा वर्गही दिला, त्यांचा परीक्षेच्या काळातला त्रास, ज्यांना नुसती नेहमीची मदत होती त्यांच्यापेक्षा कमी होता. ही मुलं स्वतःहून आलेली होती. उलट ब्रिटनमधल्या शाळांत आठ हजारांवर मुलांवर चाचणी झाली, त्यातल्या साधारण निम्म्यांना वर्गातच हे शिकवलं, त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले: नेहमीच्या शिकवण्यापेक्षा काही फायदा दिसला नाही, आणि बहुतेक मुलांनी घरी सराव फारसा केलाच नव्हता. एका महाविद्यालयात (आमच्या नव्हे) मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. सभागृहात दोनशे मुलं, दारात बोटाचा ठसा घेऊन हजेरी, आणि मागच्या तीन रांगांत मोबाइलवर क्रिकेट. अशाने काही होत नाही. ज्याला करायचंय त्यानेच करावं.

ज्यांना इतरांना ऐकू न येणारे आवाज येतात किंवा पूर्वी तसा आजार झालेला आहे, ज्यांच्यावर अत्याचार किंवा अपघाताचा ताजा आघात आहे, त्यांनी डोळे मिटून लांब बसण्याचे प्रयोग एकट्याने करू नयेत. सराव करताना जुने प्रसंग डोळ्यांपुढे येऊन अंग बधिर होत असेल तर थांबा, डोळे उघडा, उठून तोंड धुवा आणि कोणाशी तरी बोला. चालू असलेली औषधं या लेखाच्या भरवशावर बंद करू नका.

दोन आठवडे झाले तरी झोप, भूक, वर्गात जाणं सगळंच सुटलंय, किंवा जगणं नको असा विचार येतोय, तर तळवे बघत बसण्याची ती वेळ नाही. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही. रूमी अशा अवस्थेत असेल तर त्याला ‘लोड घेऊ नको’ म्हणू नका. त्याच्याजवळ बसा आणि फोन तुम्ही लावा.

महाविद्यालयात समुपदेशक आहे का, ते विचारा. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिले आहेत. बाहेर कोणाकडे जाणार असाल तर शिक्षण कुठे झालं आणि या पद्धतीचं प्रशिक्षण किती घेतलं, हे विचारायला लाजू नका. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, ती बघता येते. चांगल्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही.

खंड पडेल. दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांचा पडतो, माझाही. परत आल्यावर ‘आता रोज अर्धा तास’ असा संकल्प करू नका, तो तीन दिवस टिकतो. दुपारी मेसच्या रांगेत उभे असाल तेव्हा एकदा टाच बघा, झालं सुरू.

बुधवारी साडेचारला आम्ही आठ-दहा जण माझ्या खोलीत बसतो. आमच्या महाविद्यालयातले असाल तर या. दार जोरात ढकला, पावसाळ्यात ते फुगतं.